'स्ट्रेस' वंशद्वेषी आहे का, आणि वस्तीत शूट करण्याआधी काय पाहावं?

तुमचा प्रश्न दोन-तीनदा वाचला. नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात मांडते. कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये तुम्ही इलेक्ट्रॉनिक संगीत बनवणाऱ्या 'जस्टिस' या फ्रेंच जोडगोळीचा 'स्ट्रेस' हा म्युझिक व्हिडिओ दाखवलात आणि त्यावरून खडाजंगी झाली. निम्मे म्हणाले, हा उघड वंशद्वेष आहे. निम्मे म्हणाले, ही वंशद्वेषावरचीच टीका आहे, तुम्हाला कळली नाही. आणि तुम्ही स्वतः मित्राच्या टेक्नो ट्रॅकसाठी एका वस्तीत व्हिडिओ करायला निघाला आहात, त्यामुळे हे कसं ओळखायचं याची काहीतरी कसोटी तुम्हाला हवी आहे.

मी संकलक आहे. 22 वर्षं मुंबईत जाहिराती, माहितीपट आणि बरेच म्युझिक व्हिडिओ कापलेत. रसग्रहण शिबिरांमध्ये हा 'स्ट्रेस' अनेकदा दाखवला आहे, आणि प्रत्येक वेळी तुमच्याकडे झालं तेच भांडण झालं आहे.

ते मिटत नाही, कारण दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. एक बाजू दिग्दर्शकाच्या मनात काय होतं ते सांगते, दुसरी पडद्यावर काय दिसतं ते. दिग्दर्शकाच्या मनातलं मला कळायला मार्ग नाही, आणि एडिट टेबलवर त्याचा उपयोगही नसतो. तिथे फक्त फुटेज असतं. म्हणून मी प्रश्न बदलून विचारते: या संगीतासाठी ज्यांची शरीरं वापरली, त्यांना त्या चित्रात बदल्यात काय मिळालं? किती वेळ मिळाला, चेहरा मिळाला का, कारण मिळालं का, नाव मिळालं का? याची उत्तरं पडद्यावर मोजता येतात.

सगळं मोजून सुटत नाही, हेही आधीच सांगते. कोण पाहतंय यावर बरंच अवलंबून आहे. पॅरिसमधल्या माणसाला 2008 साली जे दिसलं, ते आज कोल्हापुरात किंवा नाशकात बसलेल्याला दिसेलच असं नाही. एका शिबिरात 'स्ट्रेस' संपल्यावर पोरं "भारी शूट केलंय" म्हणत होती. मागच्या रांगेतला एक मुलगा मात्र गप्प होता. नंतर चहाच्या वेळी तो म्हणाला, "मॅडम, दुकानात शिरलो की आमच्याकडे असंच बघतात." त्याला पॅरिसच्या उपनगरांबद्दल, म्हणजे शहराच्या कडेच्या गरीब, स्थलांतरितांच्या वस्त्यांबद्दल, काहीच माहीत नव्हतं. कॅमेऱ्याची नजर मात्र त्याच्या रोजच्या ओळखीची होती.

आता हा प्रश्न इलेक्ट्रॉनिक संगीतातच इतका टोकदार का होतो ते पाहू. गायकाच्या गाण्यात कॅमेऱ्याला ठरलेली जागा असते. ओठ हलतात, तिथे तो थांबतो. टेक्नो, हाउस अशा इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताच्या प्रकारांत बहुतेकदा ओठच नसतात. बनवणारा माणूस कन्सोलमागे असतो, आणि बटणं फिरवणाऱ्या माणसाकडे चार मिनिटं कुणी पाहत बसणार नाही. मग शरीर बाहेरून आणावं लागतं. ते कुणाचं आणायचं, हा निर्णय प्रत्येक व्हिडिओत कुणीतरी घेतलेला असतो.

आपल्याकडे अनेकांना हे संगीत युरोपातल्या गोऱ्या मुलांचं वाटतं. त्याची मुळं शिकागोत आणि डेट्रॉइटमध्ये आहेत. 1977 पासून शिकागोच्या 'वेअरहाउस' क्लबात डीजे फ्रँकी नकल्स जे वाजवत होता, त्यावर नाचणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी पुरुष होते. डेट्रॉइटच्या टेक्नोची पायाभरणी करणारे हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे तिघंही कृष्णवर्णीय, एकाच शाळेतले दोस्त. त्याच शहरातल्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' या टेक्नो गटाच्या मंडळींनी तर चेहरा झाकूनच वावरायचं ठरवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, आमचं संगीत ऐका, आम्हाला शोकेसमध्ये बसवू नका. चेहरा न देणं हा त्यांचा स्वतःचा निर्णय होता.

दुसऱ्यानं चेहरा काढून घेतला की काय होतं, त्याचं उदाहरण मार्था वॉश. 1990 मध्ये 'सी अँड सी म्युझिक फॅक्टरी'चं 'गॉना मेक यू स्वेट' जगभर गाजलं. "एव्हरीबडी डान्स नाउ" ही त्यातली गर्जना तुम्हीही कुठल्यातरी लग्नात किंवा जिममध्ये ऐकली असेल. ती मार्था वॉशची. व्हिडिओत मात्र तिच्या आवाजावर ओठ हलवताना झेल्मा डेव्हिस दिसते. त्याच सुमारास 'ब्लॅक बॉक्स' या इटालियन गटानंही मार्थाच्या आवाजावर कात्रीन किनोल या मॉडेलला उभं केलं. झेल्मा आणि कात्रीन दोघीही कृष्णवर्णीयच, पण सडपातळ. मार्था धिप्पाड होती. म्हणजे आवाज त्या बाईचा हवा, पण ती बाई नको. मार्था कोर्टात गेली, तडजोड झाली, आणि व्हिडिओवर गायिका म्हणून तिचं नाव द्यावं लागलं.

आवाज एकीचा आणि चेहरा दुसरीचा, ही तर आपल्या सिनेमाची रोजची रीत, मग यात एवढं काय, असं वाटेल. पण श्रेयासाठी आपल्याकडेही भांडावंच लागलं. 1949 च्या 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिकेच्या जागी 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव. लता मंगेशकरांचं नाव त्यावर नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण श्रेय ही व्हिडिओ संपल्यावर चिकटवायची पट्टी आहे, असं तरुण दिग्दर्शकांना वाटतं. बदल्यात काय मिळालं, या हिशेबातली ती पहिली रक्कम आहे.

आता 'स्ट्रेस'. तो 2008 च्या मे महिन्यात आला, दिग्दर्शक रोमाँ गाव्रास. जवळपास सात मिनिटांचा व्हिडिओ, हातात धरलेला कॅमेरा, बातमीपटासारखा रंग. पॅरिसच्या कडेच्या इमारतींतून काही पोरं निघतात, बहुतेक कृष्णवर्णीय आणि उत्तर आफ्रिकी वंशाची. अंगात काळी जाकिटं, पाठीवर क्रूस, म्हणजे जस्टिसचं बोधचिन्ह. ती शहरात शिरतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना मारतात, सॅक्रे-कर चर्चजवळ धुमाकूळ घालतात, बारमध्ये तोडफोड करतात, गाडी पळवतात आणि गाडी पेटते. शेवटी ती चित्रीकरण करणाऱ्यांवरच उलटतात. हे शूट करायला मजा येते का तुला, अशा अर्थाचा प्रश्न एका शिवीसकट कॅमेऱ्यावर येऊन आदळतो आणि व्हिडिओ संपतो.

तो कुठल्या दिवसांत आला हे ठाऊक नसेल तर निम्मा व्हिडिओ हातातून निसटतो. 27 ऑक्टोबर 2005 ला पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-ब्वा इथे पोलिसांना घाबरून पळालेली 15 आणि 17 वर्षांची दोन मुलं विजेच्या उपकेंद्रात लपली आणि शॉक लागून मेली. त्यानंतर सुमारे तीन आठवडे फ्रान्सची उपनगरं धुमसत होती. सरकारनं आणीबाणी लावली. उपनगरांतल्या पोरांना जाहीरपणे 'टुकार' या अर्थाचा शब्द वापरणारे तेव्हाचे गृहमंत्री निकोला सार्कोझी 2007 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. रोज संध्याकाळी टीव्हीवर जळत्या गाड्या दिसायच्या. 'स्ट्रेस'मधली गाडी म्हणजे तीच गाडी. फ्रान्समध्ये मोठा गदारोळ झाला. जस्टिसनं खुलासा केला की उपनगरांना बदनाम करण्याचा हेतू नव्हता आणि हा व्हिडिओ टीव्हीसाठी केलेलाच नव्हता.

त्याच्या बाजूनं जे बोलतात त्यांचा मुद्दा मला पटतो, पण अर्धाच. ते म्हणतात, हा व्हिडिओ त्या पोरांबद्दल नाहीच, त्या पोरांकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल आहे. पुरावाही आहे. पोरांच्या पाठीवर बँडचा स्वतःचा क्रूस आहे, म्हणजे ही हिंसा आम्हीच विकतोय अशी ती कबुली झाली. पळवलेल्या गाडीच्या रेडिओवर जस्टिसचं स्वतःचं गोडगोड हिट गाणं लागतं आणि एक पोरगा लाथ घालून ते बंद करतो. आणि शेवटचा तो प्रश्न थेट पाहणाऱ्याला विचारलेला आहे.

आता माझा हिशेब. शिबिरात मी हा व्हिडिओ तीनदा दाखवते. एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज पूर्ण बंद करून, आणि एकदा पडदा बंद ठेवून फक्त आवाज. पहिल्या काही शॉटपुरतंच हे करून पाहा. चित्रात पोरं अजून नुसती जमत आहेत, चालत आहेत. अशी पोरं कुठल्याही गावात पारावर दिसतात. पण आवाज लावला की खाली सायरनसारखी तंतुवाद्यं किंचाळत असतात. ते सूर 1977 च्या एका डिस्को रचनेतून उचललेले आहेत, आणि ती रचनाही एका जुन्या रशियन ऑर्केस्ट्रा-तुकड्यावर बेतलेली होती. त्या मुलांनी अजून काहीही केलेलं नाही, आणि संगीतानं निकाल देऊन टाकला आहे. मग सात मिनिटांत त्यांना काय मिळतं? नाव नाही. घराच्या बाहेर ती दिसतात, पण दाराच्या आत आपण कधी जात नाही. हाक मारणारी आई नाही. त्या 15 आणि 17 वर्षांच्या मुलांची तर सावलीसुद्धा नाही. रागाचं कारण व्हिडिओच्या बाहेर आहे, वर्तमानपत्रात. ज्याला ते आधीच माहीत आहे त्याला टीका दिसते. ज्याला माहीत नाही, किंवा माहीत करून घ्यायचं नाही, त्याला टीव्हीवरचीच पोरं दिसतात, फक्त जास्त देखणी चित्रित केलेली.

म्हणून माझं मत असं आहे. 'स्ट्रेस' द्वेषातून केलेला नाही, याची मला बऱ्यापैकी खात्री वाटते. पण त्यातली टीका शेवटच्या काही सेकंदांत ठेवलेली आहे, आणि तोवरचे सगळे शॉट जुन्या भीतीलाच खाऊ घालतात. आरसा दाखवायचा तर तो इतका उशिरा दाखवून चालत नाही. तुमच्या क्लबमध्ये मी असते तर 'वंशद्वेषी' म्हणणाऱ्यांच्या शेजारी बसले असते, आणि दुसऱ्या बाजूला एवढंच म्हटलं असतं की तुम्ही पुरावे बरोबर शोधलेत, पण ते फार थोड्या जागेत आहेत.

याला एक जोड द्यायलाच हवी. गाव्रास ज्या 'कुर्त्राजमे' या मित्रमंडळीच्या गटातून आला, त्याच गटात लाज ली होता. तो क्लिशीला लागून असलेल्या माँफेर्मेचा, मालीहून आलेल्या कुटुंबातला. 2005 नंतर तो स्वतःच्याच गल्लीत कॅमेरा घेऊन फिरत होता, आणि 2008 मध्येच त्यानं तिथली पोलिसांची मारहाण चित्रित केली. पुढे 2019 मध्ये त्याच्या कथापटाला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं. एकच गट आणि एकच साल. पण एकाचा कॅमेरा बाहेरून आत पाहत होता आणि दुसऱ्याचा आतून बाहेर. तुम्ही वस्तीत शूट करणार आहात, तेव्हा आपला कॅमेरा कुठे उभा आहे हे आधी ठरवा. तुम्ही त्या वस्तीतले असाल तर माझ्या निम्म्या सूचनांची तुम्हाला गरज नाही.

गाव्रासचे पुढचे दोन व्हिडिओही पाहा, कारण तोच दिग्दर्शक याच प्रश्नाशी झटताना दिसतो.

2010 चा 'बॉर्न फ्री' हा एम.आय.ए. या गायिकेचा. ती लंडनमध्ये जन्मलेली, श्रीलंकेतल्या जाफन्यात वाढलेली तमिळ, आणि तिथल्या युद्धामुळे निर्वासित म्हणून परत लंडनला गेलेली. व्हिडिओत अमेरिकी झेंडा बाहीवर असलेले सशस्त्र पोलीस एका इमारतीत घुसतात आणि फक्त लाल केसांच्या मुलांना उचलून नेतात. त्यांना वाळवंटात सोडतात, एका लहान मुलाला गोळी घालतात, बाकीच्यांना सुरुंगांच्या रानात पळायला लावतात. यूट्यूबवर त्याच्यावर लगेच निर्बंध आले. पण युक्ती पाहा. लाल केसांच्या गोऱ्या मुलाला घाबरायची सवय कुणालाच नसते. त्यामुळे 'त्यानं काहीतरी केलंच असेल' हा शेरा प्रेक्षकाच्या तोंडून बाहेर पडत नाही. माणूस एका खुणेवरून उचलला जातो, एवढंच उघडंनागडं उरतं. यातही एक तोटा आहे. ज्या तमिळ तरुणांच्या हत्यांमुळे ही गायिका अस्वस्थ होती, ते पडद्यावर येतच नाहीत. त्यांच्या दुःखासाठी गोरं शरीर उभं करावं लागलं. तरी मला हा व्हिडिओ जास्त प्रामाणिक वाटतो, कारण तो भीतीला पाठीशी घालत नाही.

2016 चा 'गॉश' जेमी एक्सएक्स या ब्रिटिश संगीतकारासाठी. चीनमध्ये हांगझोउच्या बाहेर थिएनदूचेंग नावाची वसाहत आहे, पॅरिसची हुबेहूब नक्कल, 108 मीटरच्या आयफेल टॉवरसकट. त्या खोट्या पॅरिसात मध्यभागी एक कृष्णवर्णीय वंशाचा पण वर्णहीन कातडीचा, म्हणजे अल्बिनिझम असलेला तरुण, आणि त्याच्याभोवती शेकडो चिनी मुलं. सगळं खरं, संगणकाची करामत नाही. गोरं कोण, काळं कोण, पॅरिस कुठलं, हे सगळे शब्द तिथे गळून पडतात. त्या तरुणाला कॅमेरा भरपूर वेळ देतो, आदरानं देतो. पण त्याला आपण माणूस म्हणून पाहतो आहोत की अजूबा म्हणून, याबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे जातं. प्रत्येक वेळी पाहिलं की वेगळं वाटतं.

आता तुमच्या क्लबमध्ये पुढच्या वेळी लावाच असा व्हिडिओ सांगते. फ्लाइंग लोटसचा 'नेव्हर कॅच मी', 2014, दिग्दर्शक हिरो मुराई. फ्लाइंग लोटस हा जॅझ वादक अ‍ॅलिस कोल्ट्रेनच्या बहिणीचा नातू, संगीत इलेक्ट्रॉनिक आणि जॅझचं मिश्रण, त्यावर केन्ड्रिक लमारचा रॅप. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसनला मायकेल ब्राउन या 18 वर्षांच्या मुलाला पोलिसानं गोळी घातली होती, आणि दोन महिन्यांच्या आत हा व्हिडिओ आला. एका चर्चमध्ये कृष्णवर्णीय कुटुंबं शोकात बसली आहेत. समोर दोन शवपेट्या, एक मुलगा, एक मुलगी, लहानगी. ती दोघं उठतात आणि नाचू लागतात. कुणालाच ती दिसत नाहीत, फक्त आपल्याला दिसतात. नाचत नाचत ती बाहेर उन्हात जातात आणि शेवटी ज्या गाडीतून त्यांना न्यायचं तीच गाडी घेऊन निघून जातात.

इथे पोलीस नाही, बंदूक नाही, घोषणा नाही. ती मुलं कशानं मेली हेसुद्धा सांगितलेलं नाही. तरीही सगळं कळतं. ट्रॅक भलताच वेगवान आहे. माझ्यासारखीनं तो हातात घेतला असता तर मोह झाला असता दर ठोक्याला कट मारायचा. मुराई तसं करत नाही. मुलांचा नाच पायांसकट, पूर्ण शरीरात दिसतो. दम लागलेला दिसतो, एकमेकांकडे पाहून हसणं दिसतं. म्हणून ती दोघं आकडा होत नाहीत. बदल्यात काय मिळालं, या माझ्या प्रश्नाला त्या व्हिडिओचं उत्तर आहे: वेळ.

वेळेबद्दल इतक्या पोटतिडकीनं का बोलते, ते सांगते. सुरुवातीच्या काळात मी एका नामांकित कंपनीसाठी असाच एक व्हिडिओ कापला होता. मुंबईतली वस्ती, 128 बीपीएमचा, म्हणजे मिनिटाला 128 ठोक्यांचा ट्रॅक. सेकंदाला 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर 128 चा एक ठोका म्हणजे पावणेबारा फ्रेमच्या आसपास. म्हणजे बहुतेक वेळा 12 फ्रेमवर कट, अधूनमधून 11 वर. अर्ध्या सेकंदाहूनही कमी. वस्तीतली सात-आठ पोरं अरुंद बोळातून कॅमेऱ्याच्या दिशेनं जीव खाऊन धावत येतात, असा एक झकास शॉट होता. मी तो ड्रॉपवर, म्हणजे ट्रॅक एकदम उसळतो त्या जागी टाकला, तुकडे करून चार वेळा वापरला. ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

फुटेजमध्ये त्याच्या आधी एक शॉट होता. एक कापलेला पतंग, हिरव्या शेपटीचा, पत्र्यांवरून हेलकावे खात बोळाच्या तोंडाशी उतरतोय. पोरं त्याच्यामागे धावत होती. तो शॉट पाच सेकंदांचा होता, हळू होता, ठोक्यावर बसत नव्हता. मी काढून टाकला. दिग्दर्शकाला तो आठवलाही नाही. काही आठवड्यांनी त्या पोरांपैकी एक जण काही कामासाठी आमच्या ऑफिसात आला. बारा-तेरा वर्षांचा असेल. मी कौतुकानं त्याला व्हिडिओ दाखवला. त्यानं पाहिला आणि विचारलं, "ताई, पतंग कुठाय?" मग थोडं थांबून म्हणाला, "असं वाटतंय आम्ही कुणाला तरी मारायला चाललोय."

त्या व्हिडिओत कुणीही वाईट हेतूनं काही केलं नव्हतं. मी फक्त पाच सेकंद काढले होते. वंश असो, जात असो, वस्ती असो, नुकसान बहुतेक वेळा इथे होतं. कारण कापलं जातं आणि कृती शिल्लक राहते.

तुमच्या शूटबद्दल आता. बजेट नसणार हे गृहीत धरते.

शूटच्या आधी दोन दिवस कॅमेरा न घेता वस्तीत जा. दिसेल ते टिपण्यासाठी नका जाऊ. लोक आपल्या जागेबद्दल काय दाखवतात ते पाहायला जा. कुणी नवीन फरशी दाखवेल, कुणी मुलीचं प्रमाणपत्र. त्यातलं एखादं तुमच्या व्हिडिओत यायला हवं. गटारापासून सुरुवात करू नका, ती जगानं शंभर वेळा पाहिली आहे.

नाचणारे, धावणारे, नुसते उभे असलेले, सगळ्यांना पैसे द्या. कमी असतील तर सगळ्यांना सारखे कमी द्या, पण द्या. संमती लेखी घ्या, मुलं असतील तर आईवडिलांची सही घ्या, आणि कागद मराठीत किंवा हिंदीत करा, त्यांना वाचता येईल असा. शेवटच्या श्रेयनामावलीत प्रत्येकाचं नाव येऊ द्या. यूट्यूबच्या वर्णनात जागेला पैसे पडत नाहीत.

कोण मागे आणि कोण पुढे, ते तपासा. 2015 चा 'लीन ऑन' हा मेजर लेझर या परदेशी इलेक्ट्रॉनिक संगीत-गटाचा व्हिडिओ भारतात चित्रित झाला. तो आवाज बंद करून पाहा. पाहुणे मंडळी मध्ये मजा करताहेत आणि आपल्या नर्तकी बहुतेक वेळा त्यांच्या मागची नक्षी झाल्या आहेत. त्यात द्वेष कुठेच नाही, उलट कौतुकच आहे. पण कौतुकातसुद्धा माणूस नुसता मागचा पडदा होऊन जातो. तुमचा डीजे मित्र फ्रेममध्ये येणार असेल, तर तो कुठे उभा राहणार हे आत्ताच ठरवा.

रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, तयार झाला की फायनल करण्याआधी फ्रेममधल्या माणसांना दाखवा. कॉलेजच्या हॉलमध्ये बोलावून नका दाखवू, तिथे कुणी खरं बोलत नाही. वस्तीतच कुणाच्या तरी घरात, मोबाइलवर चालेल. आणि "आवडलं का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "यात काय राहिलं?" असं विचारा.

तुम्ही ट्रॅकचा वेग लिहिलेला नाही. 140 च्या आसपास असेल, तर एका ठोक्याला जेमतेम 11 फ्रेम मिळतील, त्यात चेहरा वाचता येत नाही. म्हणून मित्राला आत्ताच सांगा की मधल्या ब्रेकडाउनमध्ये ड्रम थांबतात तिथे किमान 16 बार (एक बार म्हणजे चार ठोके) मोकळे ठेव. 140 ला 16 बार म्हणजे साधारण 27 सेकंद. तेवढ्यात तीन-चार माणसं नीट दिसू शकतात, आणि मधे काही हळू उतरत आलं तर तेही मावतं.